भिजलेले घर वाळवताना: मुंबईतील विमा-दुरुस्तीच्या कंत्राटदारांसाठी

मुंबईत पाणी शिरलेल्या घराच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक पाहिले, तर त्यात गिलावा असतो, प्लायवूड असते, पुट्टी आणि रंग असतो. वाळवणीची ओळ मात्र क्वचितच सापडते. जुलैत काम आटोपते, बिल निघते आणि गणपती येईपर्यंत स्कर्टिंगच्या वर रंगाला फोड येतात. मग घरमालक कंत्राटदाराला दोष देतो, कंत्राटदार रंगाला, आणि विमा कंपनी एकाच नुकसानीचे पैसे दुसऱ्यांदा देत नाही. विम्याच्या क्लेमवर कामे घेणाऱ्याने वाळवणी हा स्वतंत्र, मोजता येणारा आणि बिलात दाखवता येणारा टप्पा धरावा, या भूमिकेतून पुढील पद्धत मांडली आहे.

सर्वांत आधी वीज. जुन्या सोसायट्यांत मीटरची खोली तळमजल्यावर, अनेकदा जिन्याखालीच असते, त्यामुळे फ्लॅटमधला एमसीबी पाडला म्हणजे धोका टळला असे मानू नये. इमारतीचा पुरवठा वीज कंपनीकडून किंवा सोसायटीच्या परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून बंद करून घ्यावा. भिजलेल्या वायरिंगची मेगरने (वायरचे इन्सुलेशन तपासणाऱ्या यंत्राने) चाचणी घ्यावी आणि इन्सुलेशनचे वाचन १ मेगाओमच्या खाली असल्यास ती लाइन चालू करू नये. पंखे आणि यंत्रे चालवण्यासाठी तात्पुरती लाइन घ्यावी आणि तिला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा.

त्यानंतर पाणी कुठले, हे ठरवावे. पाण्याने खराब झालेल्या घरांच्या साफसफाई-दुरुस्तीची मानके ठरवणाऱ्या आयआयसीआरसी या संस्थेच्या एस-५०० या मानकात पाण्याचे तीन वर्ग केले आहेत: नळाचे स्वच्छ पाणी, वॉशिंग मशीनसारख्या ठिकाणचे वापरलेले पाणी आणि गटाराचे किंवा पुराचे दूषित पाणी. मुंबईत रस्त्यावरून आत आलेले पाणी चर्चा न करता तिसऱ्या वर्गात टाकावे. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पर्जन्यजलवाहिन्यांचे पाणी समुद्रात जात नाही आणि गटारे उलटी वाहू लागतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मिठी नदीकाठच्या कुर्ला, कलिना भागांतल्या घरांत जे शिरले, ते पावसाचे पाणी म्हणण्यासारखे उरलेच नव्हते. स्वच्छ पाणीसुद्धा एक-दोन दिवस साचून राहिले की पहिल्या वर्गात राहत नाही. तिसऱ्या वर्गाच्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात. म्हणून गमबूट आणि हातमोज्यांशिवाय मजूर आत सोडू नयेत, पायाला जखम असलेल्याला दुसरे काम द्यावे, आणि जे पाण्यातून चालले त्यांना २४ ते ७२ तासांत डॉक्टरकडे पाठवून प्रतिबंधक औषधाविषयी विचारून घ्यावे. निर्जंतुकीकरणासाठी सोडियम हायपोक्लोराइट चालते. परंतु लादी स्वच्छ करण्याचे ॲसिड त्याच दिवशी त्याच खोलीत आणू देऊ नये, कारण दोन्ही एकत्र आल्यास क्लोरीन वायू सुटतो. ही सूचना मुकादमाला तोंडी देऊन भागत नाही, बाटल्या स्वतः वेगळ्या ठेवाव्यात.

सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजायला विमा कंपनीने नेमलेला तज्ज्ञ, येईपर्यंत काहीच हलवू नये, असा एक समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. नुकसान वाढू न देणे ही विमाधारकाची जबाबदारीच असते. पाणी उपसणे थांबवल्यास उलट क्लेमला बाधा येऊ शकते. मात्र काहीही हलवण्यापूर्वी पुरावा पक्का करावा. भिंतीवरची पाण्याची रेषा खडूने आखून, तिच्याजवळ मोजपट्टी धरून, तारीख दिसेल अशी छायाचित्रे प्रत्येक खोलीत घ्यावीत. फेकून द्यायच्या प्लायवूडचा, गादीचा, जिप्सम बोर्डाचा तुकडा लेबल लावून बाजूला ठेवावा. भिजलेला माल भंगारवाल्याला परस्पर देऊ नये, कारण त्याची किंमत सर्व्हेअर क्लेममधून वजा करतो आणि माल जागेवर नसेल तर वाद ओढवतो. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत पूर आणि जलमयता यांच्याबरोबर पाण्याच्या टाक्या व पाइप फुटणे किंवा भरून वाहणे यांचाही समावेश आहे. वर्षानुवर्षांची झिरप मात्र देखभालीच्या अभावात मोडते. म्हणून कारणाची नोंद नेमकी हवी: ‘लीकेज’ असा मोघम शब्द न लिहिता ‘फ्लश टाकीचा इनलेट पाइप सांध्यात तुटलेला आढळला’ असे लिहावे आणि तुटलेला भाग जपून ठेवावा. एकात एक पिवळी वलये आणि खाराचे थर दिसले तर ती जुनी ओल आहे. ती या क्लेममध्ये घुसडू नये, अनुभवी सर्व्हेअरला ती दारातूनच दिसते. राडारोडा हलवण्याच्या खर्चाला याच पॉलिसीत क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंतची मर्यादा आहे. वाळवणीचा खर्च कोणत्या सदरात धरायचा, हे यंत्रे लावण्यापूर्वी सर्व्हेअरकडून ईमेलवर लिहून घ्यावे.

आता प्रत्यक्ष वाळवणी. पाणी ओसरले की घराची दारे-खिडक्या सताड उघडण्याची आपली सवय पावसाळ्यात अंगाशी येते. तीस अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे २६ ग्रॅम पाणी आधीच असते आणि ती हवा जेमतेम ४ ग्रॅम आणखी घेऊ शकते. त्याच तापमानाला आर्द्रता ५० टक्क्यांवर आणली तर हवेत सुमारे १५ ग्रॅमच पाणी उरते, आणि भिंतीतल्या ओलीला तिच्यात शिरायला जागा मिळते. तेव्हा खिडक्या बंद कराव्यात, भिजलेला भाग प्लास्टिकच्या पडद्याने वेगळा करावा आणि आत डिह्युमिडिफायर (हवेतले पाणी काढून घेणारे यंत्र) लावावा. यंत्राच्या माहितीपत्रकावरचा ‘दिवसाला इतके लिटर’ हा आकडा बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेचा असतो; खोली कोरडी होत जाते तसे यंत्र कमी पाणी काढते, म्हणून आकड्यावर विसंबून एकच यंत्र तीन खोल्यांना पुरवू नये. त्याची नळी नहाणी ट्रॅपमध्ये सोडण्यापूर्वी पाणी बादलीत मोजावे आणि रोजचे लिटर वहीत लिहावेत. पहिल्या दिवशी काठोकाठ भरणारी बादली काही दिवसांनी तळाशी येते, आणि ती नोंद सर्व्हेअरला कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा लवकर पटते. पंखे भिंतीला तिरके, हवा भिंतीलगत सरकेल असे लावावेत. दूषित पाण्याची खोली मात्र धुऊन निर्जंतुक केल्याशिवाय पंखा चालवू नये, नाही तर घाण आणि बुरशीचे कण घरभर उडतात.

एसीने खोली थोडी कोरडी होते, पण त्याच्या भरवशावर राहू नये. वर सांगितलेल्या ३० अंशांच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातले पाणी थेंब होऊन बसते ते तापमान, २७ अंशांच्या आसपास असतो. शेजारच्या खोलीतल्या एसीने सामाईक भिंत २४ अंशांपर्यंत गार केली, तर अलीकडच्या बाजूला घाम सुटतो आणि वाळत आलेली भिंत पुन्हा ओली होते. वेळही फार नसतो. ओल्या जिप्समवर किंवा लाकडावर बुरशी एक-दोन दिवसांत मूळ धरते.

काय वाचवायचे, हा निर्णय झटपट घ्यावा. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड फुगले की संपले. दूषित पाण्यात बुडालेले पीओपी, जिप्सम, गाद्या हेही काढावे. मरीन प्लाय आणि सागवानी चौकटी धुऊन, सावकाश वाळवून बहुधा टिकतात. सिमेंटचा गिलावा ठोकून पाहावा. पोकळ वाजेल तेवढाच काढावा. गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींत लाकडी तुळया आणि चुन्याचा गिलावा असतो, तेथे स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय छिन्नी लावू नये. तीस वर्षांवरील इमारतीला महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब नुसार संरचनात्मक तपासणी लागते. तिचा अहवाल सोसायटीच्या सेक्रेटरीकडून मागून घ्यावा.

भिंतीतली ओल दाखवणाऱ्या मॉइश्चर मीटरचे वाचन प्लास्टरवर टक्केवारी म्हणून वाचू नये. ते तुलनेपुरते असते. त्याच इमारतीतील न भिजलेल्या, त्याच प्रकारच्या भिंतीचे वाचन आधार म्हणून घ्यावे, आणि भिजलेल्या भिंतीवर जमिनीपासून १५ सेंटिमीटर, अर्धा मीटर आणि एक मीटर अशा खुणा पेन्सिलने करून रोज एकाच वेळी तेथेच मोजावे. खाडीचे पाणी शिरलेल्या ठिकाणी पिनचा मीटर फसवतो, कारण भिंतीतल्या क्षारांमुळे तो कोरड्या भिंतीलाही ओली म्हणतो. तेथे ड्रिलने काढलेल्या चुऱ्याची कॅल्शियम कार्बाइड पद्धतीने (ओलीमुळे सुटणाऱ्या वायूच्या दाबावरून) चाचणी घ्यावी. बाथरूमजवळची भिंत आठवडे झाले तरी हटत नसेल, तर संशय संक स्लॅबवर, म्हणजे बाथरूमखालच्या खोलगट स्लॅबवर, घ्यावा: लादीखालचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा भराव) पाणी धरून बसतो आणि वरून कितीही पंखे लावले तरी ते सुटत नाही. कोपऱ्यातली एक लादी उचलून पाहण्याची परवानगी घरमालकाकडून आणि सर्व्हेअरकडून एकत्रच मागावी, म्हणजे ते काम कोणाच्या खर्चाचे, हा प्रश्न नंतर उरत नाही.

सलग तीन दिवस वाचन आधाराच्या जवळ स्थिर राहिले की गिलाव्याचे काम सुरू करावे. नव्या गिलाव्यालाही पाणी मारावे लागते आणि ते पाणीही वाळावे लागते, म्हणून पुट्टी आणि रंग पावसाळा सरल्यावर, शक्यतो नोव्हेंबरात करावा. तोपर्यंत क्लेम अडकून राहू नये यासाठी रंगकाम स्वतंत्र टप्पा म्हणून बिलात वेगळे दाखवावे, त्याचा दर आताच मंजूर करून घ्यावा, आणि घरमालकाला बिनरंगाच्या भिंतींसह का राहायचे आहे, हे वाचनांचा तक्ता समोर ठेवून पहिल्याच भेटीत समजावून सांगावे.