पक्षांतराची घाई नको: सहावी ते आठवीला समीकरणं शिकवताना

नवी नेमणूक, विदर्भातली जिल्हा परिषदेची उच्च प्राथमिक शाळा आणि हाती गणित. अशा वेळी समीकरणाचा धडा सोपा वाटतो, कारण नियम एकच दिसतो: इकडचं तिकडे नेलं की चिन्ह बदला (यालाच पक्षांतर म्हणतात). मुलंही दोन तासिकांत दहा गणितं धडाधड सोडवून दाखवतात. पंधरा दिवसांनी तीच मुलं ३क्ष = १२ ची उकल ९ लिहितात, आणि शाब्दिक उदाहरण दिलं की वही कोरी राहते. याचं मूळ सोडवण्याच्या फार आधी असतं. मुलाला ‘=’ चा अर्थ काय वाटतो आणि अक्षर कशासाठी आलंय हे कळलंय का, यावर पुढचं सगळं उभं राहतं. म्हणून सुरुवातीच्या आठ-दहा तासिका तिथेच घालवाव्यात, पोर्शन मागे पडला तरी चालेल. (पुस्तकात एक्स, वाय, एम ही अक्षरं येतात, फळ्यावर तीच वापरा. इथे क्ष लिहिलाय.)

पहिल्या दिवशी काही न शिकवता फळ्यावर एवढंच लिहा:

८ + ४ = □ + ५

वर्ग सहावीचा असो की आठवीचा, बरीच मुलं चौकटीत १२ लिहितील, काही १७ लिहितील. विचारलं तर सांगतील, “आठ आन् चार बाराच होते ना जी.” पाच वर्षं त्यांनी ‘=’ च्या पुढे फक्त उत्तर लिहिलंय. त्यांच्या लेखी ते चिन्ह म्हणजे ‘आता करून दाखव’. दोन्ही बाजूंची किंमत सारखी आहे, हा अर्थ त्यांच्यापर्यंत पोचलेलाच नसतो. अशा मुलाला ‘दोन्ही बाजूंना समान क्रिया करा’ सांगून काही उपयोग नाही, कारण त्याच्यासाठी बाजू एकच आहे, दुसरीकडे उत्तर आहे.

यावर उपाय साधा आहे, पण रोज करावा लागतो. आठवडाभर तासिकेची पहिली दहा मिनिटं ‘खरं की खोटं’ घ्या: ९ = ४ + ५, ७ = ७, ६ + ५ = ५ + ६, ३ × ४ = १० + २, १५ − ६ = ८ + २. ‘९ = ४ + ५’ हे बऱ्याच मुलांना उलटं लिहिल्यासारखं वाटतं, आणि ‘७ = ७’ मध्ये तर करायलाच काही नाही म्हणून ती खोटं म्हणतात. वाद होऊ द्या. नंतर चौकटी भरायला द्या, चौकट कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी मधे. ‘=’ हे चिन्ह वेल्सच्या रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ साली छापलं, तेव्हा त्याने सारख्या लांबीच्या दोन समांतर रेषा मुद्दाम निवडल्या, कारण त्यांच्याहून सारख्या दोन गोष्टी त्याला सुचेनात. हे मुलांना सांगावं, त्यांना ते आवडतं आणि लक्षात राहतं.

याच आठवड्यात आपला फळाही तपासायला हवा. ‘५ + ३ = ८ × २ = १६ − ४ = १२’ अशी साखळी तोंडी हिशेब करताना आपणच लिहितो. पहिल्या ‘=’ च्या डावीकडे ८ आहेत आणि उजवीकडे १६, म्हणजे लिहिलेलं खोटं आहे. प्रत्येक पायरी नव्या ओळीवर लिहायची सवय शिक्षकाच्या खडूतून लागते.

आता अक्षर. “क्ष मंजे का होय जी?” या प्रश्नाला ‘क म्हणजे कापूस, त म्हणजे तूर’ असं उत्तर कधी देऊ नका. ते पटकन पटतं आणि पुढे दोन वर्षं छळतं. अक्षर वस्तूसाठी नसतं, संख्येसाठी असतं: कापसाचे किलो, तुरीचे कट्टे, मजुरीचे रुपये. खात्री करायची तर हे उदाहरण द्या: एका ऑटोत ८ मुलं बसतात, ऑटोंची संख्या अ, मुलांची संख्या म, तर संबंध लिहा. निम्म्याहून अधिक वर्गाने ८म = अ लिहिलं तर आश्चर्य वाटू देऊ नका. ‘आठ मुलं, एक ऑटो’ हे वाक्य त्यांनी जसंच्या तसं उतरवलेलं असतं, म्हणजे अक्षर अजून वस्तूच आहे. चूक आहे असं लगेच सांगू नये. दोन ऑटो असतील तर मुलं किती, एवढंच विचारा. १६ आलं की अ = २, म = १६ त्यांनी लिहिलेल्या संबंधात घालायला लावा. ८ × १६ = २ समोर दिसलं की वर्ग स्वतःच म = ८अ कडे येतो. इथे एक पूर्ण तासिका गेली तरी ती वाया गेलेली नाही.

सोबत आणखी एक बघा. क्ष = ४ असताना ३क्ष किती, या प्रश्नाला ३४ हे उत्तर हमखास येतं. सुरुवातीचे काही दिवस ३ × क्ष असंच लिहा, गुणाकाराचं चिन्ह नंतर गाळा. पुढे एकाच गणितात दोन अज्ञात संख्या आल्या, की वेगळ्या रंगाच्या खडूने वेगळ्या चौकटी काढा. भास्कराचार्यांच्या बीजगणितात अज्ञात राशींना कालक, नीलक, पीतक अशी रंगांचीच नावं आहेत. एक रंग म्हणजे एक संख्या, आणि त्या गणितात ती बदलत नाही, हे रंगाने लवकर उतरतं.

समीकरण मांडणं हा या धड्यातला सगळ्यात अवघड भाग, आणि पुस्तकात त्याला जागा कमी मिळते. थेट ‘समजा ती संख्या क्ष’ म्हटलं की अर्धा वर्ग सुटतो. अंदाजापासून सुरुवात केली तर टिकतो. गावातलाच हिशेब घ्या: वेचणीचा दर किलोला १० रुपये, सकाळी ५० रुपये उचल घेतली, संध्याकाळी उचल कापून ३१० रुपये हाती आले, तर कापूस किती किलो वेचला? दर मुलांनाच विचारा, त्यांना तो आपल्यापेक्षा नेमका माहीत असतो. मग कुणालाही अंदाज सांगू द्या आणि तो तपासा. अट एकच, मधला हिशेब तोंडी उरकायचा नाही, पूर्ण लिहायचा:

२० किलो: २० × १० − ५० = १५० (कमी पडले)
३० किलो: ३० × १० − ५० = २५० (कमी पडले)
४० किलो: ४० × १० − ५० = ३५० (जास्त झाले)
क्ष किलो: क्ष × १० − ५० = ३१०

चौथी ओळ मुलं स्वतः सांगतात, कारण वरच्या तिन्ही ओळींत ‘=’ च्या डावीकडे एकच जागा बदलतेय हे डोळ्यांना दिसतं. त्या बदलणाऱ्या जागेखाली रंगीत खडूने रेघ ओढा. ‘२० किलोचे २००, त्यातून ५० गेले’ असं तोंडीच उरकलं तर ही ओळ कधीच सुचत नाही, म्हणून ती अट पाळायचीच. उत्तर ३६ किलो. अंदाज ३० आणि ४० च्या मधे अडकला होता, त्यामुळे उत्तर बरोबर वाटतंय का हेही आपोआप तपासलं जातं. अंदाजाची ही रीत पाच-सहा उदाहरणांत वापरली की मुलं हळूहळू वरच्या ओळी गाळू लागतात. त्यांनीच गाळू द्याव्यात, आपण सांगू नये.

प्रत्येक शाब्दिक उदाहरणाची पहिली ओळ ‘समजा’ ची, आणि त्यात एकक हवंच: समजा, वेचलेला कापूस = क्ष किलो. नुसतं ‘समजा कापूस = क्ष’ चालवून घेऊ नका.

‘जास्त म्हणजे बेरीज, कमी म्हणजे वजाबाकी’ हा शॉर्टकट शिष्यवृत्तीच्या तयारीत फार चालतो आणि फार नुकसान करतो. सोयाबीनचे कट्टे तुरीपेक्षा ९ ने जास्त आहेत, सोयाबीनचे २५ आहेत, तर तुरीचे किती? शब्द ‘जास्त’, उत्तर वजाबाकीने. समजा तुरीचे कट्टे क्ष, मग क्ष + ९ = २५. गोष्ट जशी आहे तशी लिहायची, उलटं करायचं काम पुढे समीकरण करेल, हे इथेच बिंबवा. आणखी काही जोड्या समोरासमोर लिहून घ्या: ‘एका संख्येतून ५ वजा केले’ आणि ‘५ मधून ती संख्या वजा केली’, ‘दुपटीपेक्षा ३ ने जास्त’ आणि ‘३ मिळवून आलेल्या बेरजेची दुप्पट’. पहिल्या जोडीत क्ष − ५ आणि ५ − क्ष, दुसरीत २क्ष + ३ आणि २(क्ष + ३). क्ष च्या जागी १० घालून चारही किंमती काढल्या की फरक पटतो. मेळघाटात घरी कोरकू किंवा भामरागडकडे माडिया बोलणाऱ्या मुलांना ‘पेक्षा’ आणि ‘ने’ यांतच अडतं. तिथे आधी खडे मांडून दाखवा, मुलांना आपसांत त्यांच्या भाषेत बोलू द्या, मराठी वाक्य शेवटी लिहा. सेमी इंग्रजीच्या वर्गात समीकरण आणि इक्वेशन, चल आणि व्हेरिएबल हे दोन्ही शब्द पहिल्या दिवसापासून सोबत बोला.

सोडवण्यासाठी तराजू घ्यावा, पण खराखुरा. आठवडी बाजारात बऱ्याच ठिकाणी आता इलेक्ट्रॉनिक काटा असतो, दोन पारड्यांचा तराजू काही मुलांनी पाहिलेलाच नसतो. भिंतीवरच्या खिळ्याला कपड्यांचा हँगर अडकवा, दोन्ही टोकांना सारख्या लांबीच्या दोऱ्यांनी कागदी द्रोण बांधा. हलक्या बाजूला ओल्या मातीची गोळी चिकटवून आधी समतोल साधा, पंखा बंद ठेवा. वजनाला एक रुपयाची नाणी, पण सगळी एकाच आकाराची, कारण जुन्या मोठ्या आणि नव्या लहान नाण्यांचं वजन वेगळं आहे. क्ष साठी काडेपेट्या.

२क्ष + ३ = ११ दाखवायचं तर डाव्या द्रोणात प्रत्येकी ४ नाणी दडवलेल्या दोन काडेपेट्या आणि ३ सुटी नाणी, उजव्यात ११ नाणी. एवढ्यावर तराजू समतोल राहत नाही, डावीकडे झुकतो, कारण पेट्यांचं स्वतःचं वजन आहे. म्हणून उजव्या द्रोणात दोन रिकाम्या पेट्याही ठेवाव्या लागतात. त्या कशासाठी, हे मुलांना आधीच सांगून टाका. आता दोन्हीकडून तीन-तीन नाणी काढली तरी समतोल राहतो, फक्त डावीकडून काढली तर बिघडतो. हे मुलांच्या हातून व्हावं. मग दोन्ही बाजूंचं निम्मं करा: एका भरलेल्या पेटीसमोर ४ नाणी (आणि एक रिकामी पेटी) उरतात, भरलेली पेटी उघडून मोजा.

तराजूचं काम दोन-तीन तासिकांत आटोपतं घ्या. क्ष − ५ = ९ किंवा ऋण संख्या त्यावर दाखवता येत नाही, ओढूनताणून दाखवली तर गोंधळ वाढतो. तिथून पुढे कागदावर असं लिहायचं:

२क्ष + ३ = ११
२क्ष + ३ − ३ = ११ − ३ (दोन्ही बाजूंतून ३ वजा)
२क्ष = ८
२क्ष ÷ २ = ८ ÷ २ (दोन्ही बाजूंना २ ने भागून)
क्ष = ४

‘=’ खाली ‘=’ यायला हवं. बरीच मुलं प्रत्येक ओळीच्या सुरुवातीलाही एक ‘=’ ठोकतात, ते पहिल्याच दिवशी खोडायला लावा. दुसरी आणि चौथी ओळ मुलांना कंटाळवाणी वाटते, तरी तीन आठवडे सोडू नये. एक दिवस कुणीतरी म्हणेल, “सर, हे मधचं नाही लिहिलं तं चालते का?” पक्षांतर तेव्हा द्यायचं, आणि तेही फक्त बेरीज-वजाबाकीला. गुणाकार-भागाकाराला ‘तिकडे नेलं’ हा शब्दच नको, ‘दोन्ही बाजूंना भागलं’ असंच म्हणा. ३क्ष = १२ मधून क्ष = १२ − ३ ही चूक तिथूनच येते, कारण तिकडे जाताना चिन्ह बदलतं एवढंच मुलाने पकडलेलं असतं.

सरावाची गणितं निवडताना क्ष + ७ = १५, क्ष − ४ = ९, ५क्ष = ३५, क्ष/४ = ३ हे चारही प्रकार दुसऱ्या दिवसापासून मिसळून द्या. एकाच प्रकारची वीस दिली तर मुलं क्रिया वाचतच नाहीत. १७ = क्ष + ९ असं उलटंही द्या. क्ष + ७ = ७ द्या, ‘उत्तर नाही’ म्हणणारे सापडतील. ५क्ष = ३ द्या, ५/३ लिहिणारे सापडतील, कारण भागाकारात मोठ्याला लहानाने भागायचं अशी सवय पडलेली असते. २क्ष + ६ = १० मध्ये आधी २ ने भागून क्ष + ६ = ५ लिहिणाऱ्याला ६ लाही भागायचं राहिलं हे तराजूवरच दाखवता येतं. २क्ष + ३ चं ५क्ष करणाऱ्याला मात्र क्ष = १० घालून दोन्हीची किंमत काढायला लावा, २३ आणि ५०.

आठवीत क्ष दोन्ही बाजूंना येतो, तेव्हा गोष्ट अशी निवडा की तो दोन्हीकडे का आला हे कळावं. एक ट्रॅक्टरवाला येण्याचे २०० आणि तासाला ८०० घेतो, दुसरा नुसते तासाला ९००. किती तासांच्या कामाला दोघांचे पैसे सारखे? ८००क्ष + २०० = ९००क्ष, दोन्हीकडून ८००क्ष वजा, उत्तर २ तास. मग तीन तासांचं काम असेल तर कुणाला बोलवायचं, हेही विचारा.

ताळा दोनदा घ्यायचा. आलेली उकल मूळ समीकरणात घालायची, आणि शाब्दिक उदाहरणात गोष्टीतही घालायची. समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर पहिला ताळा बरोबर येतो आणि चूक झाकली जाते. चार गुणांच्या गणितात ‘समजा’ ची ओळ, समीकरण, उकल आणि ताळा यांना एकेक गुण ठेवला की मुलं कुठलीच ओळ गाळत नाहीत, आणि कुठे अडलं ते तपासताना आपल्यालाही दिसतं.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, आणि दिवाळीच्या सुमारास वेचणी लागली की मोठी मुलं-मुली शेतात जातात. धडा त्या दिवसांत येत असेल तर शक्य तेवढा आधी ओढा, निदान ‘=’ आणि अक्षराच्या तासिका पोळ्याआधी उरका. परतलेल्या मुलाला सुटलेला सगळा धडा उतरवायला लावू नका. चौकटीची दोन गणितं, ऑटोचं उदाहरण आणि अंदाजाच्या तीन ओळी लिहून घ्या. तो कुठे अडतो ते दहा मिनिटांत कळतं, आणि तिथूनच त्याला एखाद्या जोडीदाराबरोबर बसवा.