१०० चा लॉग किती?

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचं माझं पहिलं ट्युटोरियल मी वेगवेगळ्या विषयांच्या मिश्र गटासाठी लिहिलं होतं. रसायनशास्त्राची एक विद्यार्थिनी एकच ओळ पुन्हा पुन्हा टाइप करत होती. १०० चा लॉग तिच्या हिशेबाने २, स्क्रीनवर मात्र ४.६०५. आपलंच काहीतरी चुकतंय, असं तिला वाटत होतं. चुकलं होतं माझं. पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, शिकलेल्या माणसाचा लॉग १० च्या पायाचा असतो, एक्सेलमधलाही तसाच. पायथॉन आणि आर या भाषा मात्र नुसत्या 'लॉग'ला नैसर्गिक लॉग, म्हणजे ई (सुमारे २.७१८) या पायाचा, समजतात. हे एका वाक्यात सांगता आलं असतं, पण ते सांगायला हवं हेच मला सुचलं नव्हतं.

तेव्हापासून मी लिहायला बसण्याआधी शब्द तपासतो. 'व्हेक्टर' म्हटलं की भौतिकशास्त्रवाल्याला दिशा असलेली राशी आठवते, जीवशास्त्रवाल्याला रोग पसरवणारा डास. आरमध्ये ती एकाच प्रकारच्या किमतींची रांग. प्रोग्राममधलं 'एक्स = एक्स + १' हे तर गणितवाल्याला सरळ खोटं वाटतं, आणि त्याचं बरोबरच आहे! तिथे मी बरोबरचं चिन्ह वाचूच देत नाही. 'उजवीकडची किंमत काढ, डावीकडच्या नावाला दे' असं म्हणायला लावतो.

नवीन लिहिणाऱ्यांना माझा आग्रह आहे: 'प्रोग्रामिंग येतं का?' असं विचारू नका. सगळे 'थोडंफार' म्हणतात. 'दोन फायलींमधली माहिती जोडायची असेल तर आज काय करता?' असं विचारा. कोणी कॉपी-पेस्ट सांगेल, कोणी एक्सेलमधलं व्हीलूकअप, कोणी कोडमधलं मर्ज. सुरुवात कुठून करायची ते तिथेच कळतं.

प्रत्येक विषयासाठी वेगळं ट्युटोरियल लिहायच्या फंदात मी पडत नाही, ते सांभाळणं अशक्य होतं. पायऱ्या त्याच ठेवतो, डेटा बदलतो. पहिल्या धड्यात रोजच्या तापमानासारखा, कुणालाच समजावून सांगावा लागू नये असा. इन्स्टॉलेशन वेगळ्या पानावर. जाणकारांना जास्तीचं स्पष्टीकरण अडथळाच ठरतं, म्हणून ते घडी घालून ठेवतो; हवं त्याने उघडावं.

आणि प्रसिद्ध करण्याआधी दुसऱ्या विषयातल्या एकाला ट्युटोरियल करायला देऊन शेजारी गप्प बसतो. मदत करायचा मोह फार होतो. पण तो जिथे थांबतो, मागे जाऊन पुन्हा वाचतो, ती ओळ वहीत टिपायची आणि घरी जाऊन आधी तीच बदलायची.