शेळीला ‘मोठं इंजेक्शन’ टोचण्याआधी या चुका टाळा

वळीव होऊन गेला की आमच्या सासवड भागात दर दुसऱ्या गोठ्यात एखादी शेळी खोकते, नाक गाळते, आणि मालक मेडिकलवर जाऊन ‘एक मोठं इंजेक्शन द्या’ म्हणतो, म्हणजे अँटिबायोटिक. मीही म्हटलंय. बावीस शेळ्या सांभाळताना केलेल्या आणि पाहिलेल्या चुका इथे मांडतोय.

रोग न ओळखता टोचणं

माझी सगळ्यात महाग पडलेली चूक हीच. दोन महिन्यांच्या तीन करडांना हगवण लागली. शेपटीखालचे केस चिकटलेले, शेणात रक्ताचे धागे. घरात ऑक्सिटेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकची अर्धी बाटली पडून होती, तीच तीन दिवस टोचली. एक करडू गेलं. मग उरलेल्या दोघांचं शेण पिशवीत घालून दवाखान्यात नेलं, तर निघाला कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातला सूक्ष्म परजीवी. त्यावर हे औषध चालतच नाही. अँप्रोलियम किंवा सल्फा लागतं, तेही वजन बघून. पीपीआरचंही, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगचंही तसंच. तो विषाणूमुळे होतो. डॉक्टर त्यात अँटिबायोटिक देतात ते मागून येणारा न्यूमोनिया आवरायला. खरा उपाय लस, आणि तीही रोग गोठ्यात शिरायच्या आधी.

निदान ताप तरी मोजा. शेळीचं तापमान मुळातच 102 ते 103 फॅरनहाइट असतं. हाताला गरम लागली म्हणजे ताप, असं नसतं.

डोळ्याने वजन ठरवणं

अंदाज नेहमी चुकतो, आणि बहुतेकदा कमीच धरला जातो. शिंप्याचा टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, दोन्ही इंचात मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, की किलो मिळतात. घेर 28, लांबी 26 भरली तर शेळी जवळपास 31 किलोची. परवा शेजारच्या काकांनी अशीच एक शेळी ‘वीस किलो’ म्हणून सांगितली होती. म्हणजे डोस एक तृतीयांशाने कमी. त्यात दुसऱ्या दिवशी शेळी पाल्याला तोंड लावते म्हणून कोर्स मध्येच सोडला, तर रोग परत उठतो आणि पुढच्या वेळी तेच औषध लागू पडत नाही.

कोंबड्यांची उरलेली पुडी

पुणे जिल्ह्यात ब्रॉयलर कोंबड्यांच्या शेड सगळीकडे, त्यामुळे त्यांच्या औषधाची उरलेली पुडी शेळीला पाजायचा मोह मोठा. नकोच. कोंबड्यांच्या काही पावडरींत लिंकोमायसिन नावाचं अँटिबायोटिक असतं. ते शेळीच्या पोटात गेलं तर आतड्यातले चांगले जिवाणू मरून जीवघेणी हगवण लागते. एरवीही मोठ्या शेळीला तोंडाने अँटिबायोटिक पाजलं की कोठीपोट बिघडतं, रवंथ थांबते. कोलिस्टीन हे अँटिबायोटिक तर ज्यांचं दूध, मांस, अंडी आपण खातो त्या प्राण्यांसाठी 2019 पासून बंदच आहे. आणि टिल्मिकोसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन गायीला चालतं म्हणून शेळीला कधीच नको, हृदयावर जाऊन मारतं.

सुईच्या चुका

मांडीत टोचू नका, करडांना तर अजिबात नाही. मांडीतल्या मज्जातंतूला लागलं की पाय ओढतं. मानेच्या बाजूचा त्रिकोणी भाग बरा. सुई टोचल्यावर सिरिंजचा दट्ट्या जरा मागे ओढा. रक्त आलं तर सुई काढून दुसरीकडे टोचा. प्रोकेन पेनिसिलिन शिरेत गेलं तर शेळी जागीच झटके देऊन पडते. गाभण शेळी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, टेट्रासायक्लिन पोटातल्या पिलाच्या हाडादातांत बसतं.

दूध आणि बाजार

आमच्या घरी हे विरजणाने पकडलं. इंजेक्शन दिलेल्या शेळीचं दूध हिने नेहमीच्या भांड्यात ओतलं, सकाळी दही लागलंच नाही. औषध दुधात उतरलं होतं, त्याने विरजणाचे जिवाणूच मेले. उकळून ते जात नाही. किती दिवस दूध टाकायचं आणि बोकड विकायचा नाही, ते बाटलीवर असतं. पण बऱ्याच बाटल्यांवर फक्त गायीचा आकडा असतो, तेव्हा शेळीसाठीचे दिवस डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.

आता आमच्याकडे सुई टोचली की शेळीच्या गळ्यात लाल सुतळी बांधतात, आणि औषधाचं नाव, तारीख खडूने गोठ्याच्या दारावर लिहितात. सुतळी सोडायचा दिवसही तिथेच. चाकणच्या बाजाराला निघताना गाडीत बोकड चढवायच्या आधी पोरगं दार वाचून येतं.

करडं एकामागून एक मरायला लागली तर मात्र बाटली बदलत बसू नका. 1962 या जनावरांच्या दवाखान्याच्या हेल्पलाइनला फोन करा, आणि ताजं मेलेलं करडू पुरायच्या आधी शवविच्छेदनाचं डॉक्टरांना विचारा. त्यासाठी पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे.