चाचा व्हायचंय? आधी साल ठरवा, मग या चुका टाळा

भाचा चौथीत होता तेव्हा फॅन्सी ड्रेसला त्याला चाचा करायचं ठरलं. (चाचा म्हणजे समुद्रावरचा लुटारू, हिंदीतला काका नव्हे. हल्ली हा खुलासा करावा लागतो.) रंगीत तालीम घरीच झाली. आडव्या पट्ट्यांचा टी-शर्ट, डोळ्यावर काळी पट्टी, कमरेला आईच्या जुन्या साडीचा लाल शेला आणि दाढीसाठी पिंजलेला काथ्या, डिंकाने चिकटवलेला. दहा मिनिटांत पोरगं हनुवटी खाजवून रडकुंडीला आलं. कोमट पाण्याने डिंक सोडवत बसलो असताना त्यानेच विचारलं, "मामा, हा खरा कधी होऊन गेला?"

उत्तर देता येईना. तेव्हापासून चाच्यांचं काहीही समोर आलं की मी आधी साल विचारतो. निम्म्याहून जास्त चुका तिथेच पकडल्या जातात. ब्लॅकबियर्ड, बेलमी, रॅकहॅम, रॉबर्ट्स ही अटलांटिकवरची गाजलेली मंडळी साधारण १७१६ ते १७२६ या दहा वर्षांतली. आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो चाचा मात्र १८८३च्या 'ट्रेझर आयलंड' या कादंबरीचा, त्यानंतरच्या रंगीत चित्रांचा आणि सिनेमाचा. या सगळ्यांची भेळ झाली की पोशाख बिघडतो आणि गप्पाही.

आधी पोशाख, कारण पैसे तिथे वाया जातात

पट्ट्यांचा टी-शर्ट पहिला काढा. तो फ्रेंच नौदलाचा गणवेश, १८५८ सालचा. ब्लॅकबियर्ड १७१८च्या नोव्हेंबरात मारला गेला, म्हणजे मध्ये १४० वर्षं.

दुसरी चूक गुडघ्यापर्यंतच्या बुटांची, आणि ही सर्वांत महाग पडते. ते बूट घोडेस्वाराचे. ओल्या फळ्यांवर ते घसरतात आणि दोरांच्या शिड्यांवर चढताना पाय जड होतो. त्या काळचा खलाशी बकलवाला साधा चामडी जोडा घालायचा, नाहीतर अनवाणी असायचा. बकल पितळी रंगाच्या पुठ्ठ्याचंही चालतं, दोन हातांवरून कोणाला कळत नाही.

जोड्याचा पुरावा प्रत्यक्ष हाती आहे. सॅम बेलमीचं 'व्हिडा' हे जहाज २६ एप्रिल १७१७ला अमेरिकेच्या केप कॉडजवळ वादळात बुडालं. १९८४ मध्ये त्याचे अवशेष सापडले, पुढे घंटाही मिळाली. तिच्यावर जहाजाचं नाव आणि १७१६ हे साल कोरलेलं. त्याच ढिगाऱ्यातून एक लहानसा जोडा, रेशमी पायमोजा आणि पायाचं हाड वर आलं. हाड आठ ते अकरा वर्षांच्या मुलाचं असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं. तो जॉन किंग असावा असं मानतात. आईबरोबर प्रवास करणारा हा मुलगा बेलमीने त्यांचं जहाज पकडल्यावर हट्टाने चाच्यांत सामील झाला होता. माझा भाचा तेव्हा नऊ वर्षांचा. त्या जोड्याचा फोटो त्याला दाखवला, तर तो बराच वेळ आपल्या पायाकडे बघत बसला.

बाकी पोशाख स्वस्तात होतो. चौकडीचा सुती शर्ट, गुडघ्याखाली संपणारी ढगळ विजार, आखूड जाकीट, गळ्याला रुमाल. रुंद शेला आणि डोक्याला बांधलेला भडक रुमाल ही जोडी आपल्या मनात ठसवली ती हॉवर्ड पाइल या अमेरिकन चित्रकाराने, एकोणिसावं शतक संपताना. चित्रं झकास आहेत, पण ती पाइलच्या काळाची.

भरजरीच हवं असेल तर बार्थोलोम्यू रॉबर्ट्स व्हा. १७२४च्या चाच्यांच्या चरित्रग्रंथात त्याच्या शेवटच्या लढाईचं वर्णन आहे: किरमिजी डमास्कचा (नक्षीदार कापडाचा) पेहराव, टोपीत लाल पीस, गळ्यात सोन्याची साखळी आणि हिऱ्यांचा क्रूस, रेशमी पट्ट्याला चार पिस्तुलं. पण तो कप्तान होता आणि हौशीही. ग्रुपमधले आठही जण रॉबर्ट्स झाले, तर ते चाचे न दिसता वऱ्हाडी दिसतात.

त्याच ग्रंथात ब्लॅकबियर्ड टोपीखाली पेटत्या वाती लावायचा असंही आहे. माझ्या एका मित्राने त्यासाठी विगमध्ये उदबत्त्या खोचल्या. विग नायलॉनचा होता. पुढचं सांगत नाही. धूर दाखवायचाच असेल तर राखाडी कापूस पुरे.

डोळ्यावरच्या पट्टीला त्या काळचा आधार नाही. अंधारात दिसावं म्हणून एक डोळा झाकून ठेवायचे, हा तर्क गमतीशीर आहे, पण तर्कच.

झेंडा आणि 'आर्र'

कवटीखाली दोन तलवारींचा झेंडा रॅकहॅमचा म्हणून विकला जातो, त्याला समकालीन पुरावा नाही. कवटी, हाडं आणि वाळूचं घड्याळ असलेल्या काळ्या झेंड्याची नोंद १७००ची आहे, इमॅन्युएल विन या फ्रेंच चाच्याची. घड्याळ म्हणजे 'तुमची वेळ भरत आली'. काळा झेंडा दिसला की शरण येऊन जीव वाचवता यायचा. लाल झेंडा वर चढला की दयामाया संपली. घरी लावायचा झाला तर लाल जास्त भीतीदायक, हे पाहुण्यांना समजावून सांगावं लागतं एवढंच.

'आर्र' ही आरोळी रॉबर्ट न्यूटन या नटाची देणगी, १९५०च्या सिनेमातली. तो इंग्लंडातल्या डॉर्सेटचा, त्याने त्याच्या भागातले गावरान हेल ओढून वापरले. आपल्याकडचं 'आरं' त्याहून जुनं असणार, बिनधास्त वापरा.

लूट म्हणजे पेटीभर मोहरा हाही भ्रम. ब्लॅकबियर्डने १७१८मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्सटन बंदराची नाकेबंदी केली आणि ओलिसांच्या बदल्यात मागितली औषधांची पेटी. त्याच्या बुडालेल्या जहाजात धातूची पिचकारी सापडली, पाऱ्याचे अंश असलेली. पारा हे तेव्हा गुप्तरोगावरचं औषध. ते जहाजही मुळात गुलामांच्या व्यापारातलं फ्रेंच जहाज, 'व्हिडा'ही गुलामांच्या व्यापारातलंच. चाच्यांच्या लोकशाहीचं कौतुक करताना, कप्तान मतांनी निवडत आणि नुकसानभरपाई ठरलेली असे वगैरे सांगताना, हे वाक्य गाळू नये.

आपल्याकडची सगळ्यात मोठी गल्लत

मराठी माणसांत चाच्यांचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला कान्होजी आंग्रे येतात. इंग्रज त्यांना चाचा म्हणत, आपण चिडतो. चिडण्यापेक्षा इथेही साल विचारा. १७१८! ब्लॅकबियर्ड मेला त्याच वर्षी मुंबईच्या इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला केला आणि हात हलवत परतले. १७२१मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर गेले, तेही फसलं. ब्लॅकबियर्डकडे राजा नव्हता, किल्ला नव्हता, हुद्दा नव्हता. कान्होजी छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, त्यांच्या हाती किल्ल्यांची रांग आणि गुराबा-गलबतांचं आरमार. दस्तक (परवाना) घ्या नाहीतर जहाज अडवू, हा त्यांचा नियम. पोर्तुगीज हेच 'कार्ताझ' म्हणून दोनशे वर्षं करत होते, त्यांना कोणी चाचा म्हटलं नाही.

मात्र उलटी चूकही करू नका. या किनाऱ्यावर खरे चाचे आले होते, ते इंग्रज होते. हेन्री एव्हरीने १६९५मध्ये मक्केहून सुरतेला परतणारं औरंगजेबाचं 'गंज-इ-सवाई' लुटलं, बायकांवर अत्याचार झाले. सुरतेतले कंपनीचे लोक त्यापायी कैदेत पडले, एव्हरी कधीच सापडला नाही. आणि २००७च्या हॉलीवूडपटात हिंदी महासागराचा 'चाचेराजा' म्हणून कोण बसवला? श्री संभाजी आंग्रिया. कान्होजींच्या मुलाचं नाव, आडनावासकट.

तर भाचा. दुसऱ्या दिवशी त्याला चौकडीचा शर्ट, ढगळ विजार, गळ्याला रुमाल आणि पुठ्ठ्याच्या बकलचे जोडे घालून पाठवलं. अगदी १७१७. शाळेच्या फाटकावर वॉचमनने कौतुकाने विचारलं, "कोळी झालास का रे?" पहिलं बक्षीस पट्ट्यांच्या टी-शर्टवाल्याला गेलं.