थरारपटाची सुरुवातीची श्रेयनामावली कशी रचावी

थरारपटाच्या श्रेयनामावलीत कथा सांगू नये. कोणीतरी काहीतरी करत आहे एवढेच दाखवावे आणि तो कोण, हे कशासाठी, हे प्रश्न प्रेक्षकाच्या मनात तसेच राहू द्यावेत. १९९५ च्या ‘सेव्हन’ या चित्रपटात श्रेयनामावलीचे रचनाकार काइल कूपर यांनी नेमके हेच साधले: बोटांच्या टोकांची त्वचा पात्याने काढणारे, वह्या शिवणारे हात अगदी जवळून दिसतात, चेहरा मात्र दिसत नाही, आणि हाताने ओरखडलेली, थरथरती नावे त्याच माणसाने लिहिल्यासारखी वाटतात. म्हणूनच अक्षरे शेवटी वरून चिकटवू नयेत, ती दृश्यांसोबतच घडवावीत.

अर्थात, चित्रीकरण नसले तरी अडत नाही. १९६० च्या ‘सायको’ या चित्रपटासाठी रचनाकार सॉल बास यांनी केवळ सरकत्या पट्ट्यांनी नावे चिरली आणि बर्नार्ड हरमन यांच्या निव्वळ तंतुवाद्यांच्या संगीताने ती अस्वस्थता वाढवली, माझ्या मते संयमाचा याहून चांगला धडा नाही.

कट, म्हणजे एका दृश्यावरून दुसऱ्यावर जाण्याच्या जागा, संगीताच्या ठेक्यावर बसवावेत, पण प्रत्येक नव्हे. एखादा किंचित आधी आला की प्रेक्षक सावध होतो. रंग मोजकेच ठेवावेत. शेवटचे नाव विरण्यापूर्वीच पहिल्या प्रसंगाचा आवाज सुरू करावा, म्हणजे साचलेला ताण थेट कथेत उतरतो.