मुंबईत नवीन आलात? सण कॅलेंडरवर एकच दिसतो, पण मजल्यागणिक वेगळा असतो

मी भुसावळजवळच्या गावातून मुंबईत आले त्याला आता सात वर्षं होतील. पहिल्या वर्षी मला वाटायचं दिवाळी म्हणजे दिवाळी, होळी म्हणजे होळी, सगळ्या देशाला एकाच दिवशी सुट्टी, त्यात शिकायचं काय. पण घाटकोपरला आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर मालवणी काकू, समोरच्या दारात गुजराती मासी, वर तमिळ कुटुंब, तिसऱ्या मजल्यावर कोल्हापूरकडचे दादा-वहिनी, आणि प्रत्येकाच्या घरी तोच सण वेगळ्या वेळी, वेगळ्या पद्धतीने. आधी कुणी हे सांगितलं असतं तर माझं पहिलं वर्ष इतकं एकटं गेलं नसतं, म्हणून जे जे कळलं ते इथे लिहून ठेवतेय.

सगळ्यात आधी कॅलेंडर वाचायला शिका. भिंतीवर कालनिर्णय असतंच, पण त्यातला महिना सगळ्यांचा सारखा नसतो हे मला ऑफिसात कळलं. आपला महिना अमावास्येला संपतो आणि उत्तरेकडे तो पौर्णिमेला संपतो, त्यामुळे यूपी-बिहारच्या लोकांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो. आपण गटारीचा बेत ठरवत असतो तेव्हा शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचे सावन सोमवार चालू झालेले असतात, आणि आपण त्यालाच मटणाचे पैसे मागत असतो. तिथी मात्र बदलत नाही, जन्माष्टमी आपल्याला श्रावणातली आणि त्यांना भादोमधली, पण दिवस तोच. नवीन वर्षाचंही तसंच. आपलं चैत्रात गुढीपाडव्याला, गुजरात्यांचं कार्तिकात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, तमिळ, पंजाबी, बंगाली मंडळींचं एप्रिलच्या मध्याला. नवीन घरात राहायला गेलात की पहिल्या महिन्यातच आजूबाजूच्या चार घरांना सरळ विचारून घ्या, तुमचा मोठा सण कुठला आणि त्या दिवशी काय करता. कुणाला राग येत नाही, उलट दारात उभं राहून अर्धा तास सांगतात.

आता दिवाळी, कारण नवीन माणूस सगळ्यात जास्त इथेच गोंधळतो. आपल्याकडे दिवाळीची खरी सुरुवात नरक चतुर्दशीच्या पहाटे, पहिली आंघोळ, उटणं, तेल, मोती साबण. आमच्या खानदेशातही हे आहेच, पण कारीट मी मुंबईतच पहिल्यांदा बघितलं. मालवणी काकूंनी पहाटे पाचला खाली बोलावलं, तुळशीच्या कुंडीपाशी कडेने रांगोळी, मध्ये लिंबाएवढं हिरवं पट्ट्यापट्ट्यांचं फळ. डाव्या पायाच्या अंगठ्याने ते चिरडायचं, गोविंदा गोविंदा म्हणायचं, रस जिभेला लावायचा, इतका कडू की डोळ्यातून पाणीच आलं. मग पोह्यांचे पाच प्रकार, गोडे, तिखट, दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले. काकू म्हणाल्या, कोकणात भाताची कापणी तेव्हाच झालेली असते, नव्या भाताचे पोहे म्हणून पोहेच. आमच्याकडे भात नाही, कापूस आणि केळी, म्हणून आमच्या दिवाळीला पोह्यांचं एवढं अप्रूपही नाही. मला ही गोष्ट फार आवडली, की ताटात काय येणार हे गावच्या शेतावरनं ठरतं. कारीट हवं असेल तर आदल्या दिवशी सकाळी दादर स्टेशनबाहेर जा, बाहेरगावहून आलेल्या बायका वाटे करून विकायला बसलेल्या असतात, संध्याकाळी गेलात तर मिळेलच असं नाही.

त्याच पहाटे वरच्या मजल्यावर तमिळ कुटुंबाचीसुद्धा तेलाची आंघोळ चालू असते, आणि भेटल्यावर ते एकमेकांना विचारतात, गंगास्नानम् आच्चा, म्हणजे गंगास्नान झालं का. त्यांची दिवाळी मुख्यतः हीच पहाट, त्यामुळे त्यांच्याकडे फराळ द्यायला जायचं तर याच दिवशी सकाळी जा. ते लेहियम म्हणून काळसर औषधासारखं चाटण देतात, आलं मिरं असं काय काय घातलेलं, तळणीचं पचायला. नाही म्हणू नका, बोटभर घ्या. उत्तरेकडच्यांची दिवाळी मात्र लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळची, आणि बंगाल्यांची त्याच अमावास्येच्या रात्री कालीपूजा. म्हणजे एकाच बिल्डिंगमध्ये कुणाची दिवाळी पहाटे सुरू झालीय, कुणाची त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हायचीय.

गुजराती शेजार असेल तर हे मात्र नीट लक्षात ठेवा, कारण मी इथेच चुकले. पहिल्या दिवाळीला मला गावचं रिझर्वेशन मिळालं नाही, एकटीच होते, पहिल्या आंघोळीला पहाटे उठले, लक्ष्मीपूजन केलं, आणि पाडव्याला म्हटलं आता निवांत झोपू. सकाळी पावणेसातला बेल वाजली. दारात मासी, त्यांचे मिस्टर, दोन्ही मुलं, सगळ्यांचे कडक नवे कपडे, हात जोडून साल मुबारक. आमचा पाडवा म्हणजे त्यांचं बेसतुं वरस, वर्षाचा पहिला दिवस, आणि त्या दिवशी सूर्य वर यायच्या आत लोक एकमेकांच्या दारात जातात, मोठ्यांच्या पाया पडतात, मुलांना बोणीचे पैसे मिळतात. माझ्याकडे द्यायला काहीच नव्हतं, चहापुरती साखर होती फक्त. मासींनी मिठाईचा डबा हातात दिला आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, बेटा एकली छे ने, जेवायला आमच्याकडे ये. ते मी अजून विसरलेले नाही. तेव्हापासून पाडव्याला सहा वाजता माझं ताट तयार असतं, करंजी, शंकरपाळे, बाजूला मुलांसाठी पाकिटं. तुम्हीही तेवढं कराच, दार उघडल्याबरोबर हातात काहीतरी असू द्या.

त्याच दिवसांत घाटकोपर, मुलुंड, कांदिवलीकडे चौकात वडे ठेवलेले आणि भोवती पाण्याचं गोल रिंगण दिसलं तर घाबरू नका, करणी बिरणी काही नसतं ते. काळी चौदसला, म्हणजे दिवाळीच्या चतुर्दशीला, घरातला कंकास, म्हणजे भांडणतंटा, बाहेर काढायचा म्हणून बायका तळलेला वडा चौकात ठेवून मागे न बघता परत येतात. ओलांडू नका, बाजूने जा, एवढंच. आणि खरेदी आधी उरका, कारण दिवाळीच्या दिवशी चोपडापूजन, म्हणजे हिशेबाच्या वह्यांची पूजा, झाली की बरेच गुजराती व्यापारी थेट लाभ पंचमीलाच दुकान उघडतात. पडद्याचं कापड, भांडी, हार्डवेअर जे काय लागेल ते आधीच आणून ठेवा. कंदील माहीमच्या कंदील गल्लीतून आणि घरी फराळ जमत नसेल तर लालबागच्या चिवडा गल्लीतून, ही दोन ठिकाणं प्रत्येक मुंबईकर सांगेल, मीही तेच सांगते.

भाऊबीज झाली की आपल्याला वाटतं संपलं, पण दिवाळीनंतर सहाव्या दिवशी यूपी-बिहारकडच्यांची छठ. मावळत्या सूर्याला अर्घ्य, दुसऱ्या दिवशी उगवत्याला, आणि त्यासाठी छत्तीस तासांचा निर्जळी उपास. जुहूला त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे तिकडे काम असेल तर पुढे ढकला. बघायला गेलात तर चप्पल लांब काढा, पाण्यात उभ्या असलेल्या बायकांच्या तोंडापुढे मोबाईल नेऊ नका, आणि ठेकुआ, म्हणजे त्यांचा गोड प्रसाद, दिला तर दोन्ही हातांनी घ्या. आमचे वॉचमन काका तेव्हा गावी जातात, तर सोसायटीने त्यांची सुट्टी आधीच धरून ठेवावी असं मला वाटतं, दरवर्षी त्यावरून त्यांना बोलणी खायला लागतात आणि ते मला पटत नाही. आपल्याला गणपतीला गावी जायचं असतं तसंच आहे ते.

संक्रांतीचं वेगळंच. १३ जानेवारीच्या रात्री जीटीबी नगरच्या पंजाबी वस्तीत लोहरी पेटते, त्याच दिवशी आपली भोगी, बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी. दुसऱ्या दिवशी गुजराती गच्चीवर, खाली उंधियूच्या दुकानाला रांग, आणि धारावीत तमिळ बायका रस्त्यावर ओळीने चुली मांडून पोंगल शिजवतात, दूध उतू गेलं की सगळ्या मिळून पोंगलो पोंगल ओरडतात. हे एकदा उभं राहून बघाच. गच्चीवर बोलावलं तर जा, पण नायलॉनचा मांजा कुणी आणला असेल तर स्पष्ट सांगा, त्यावर बंदी आहे आणि संध्याकाळी पक्षी घरट्याकडे परततात तेव्हा पंख कापून खाली पडतात, मी आमच्या गच्चीवर घार पडलेली बघितलीय. आपलं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, त्यात बिनमराठी शेजारणींना बोलवा, त्यांना वाण म्हणजे काय ते माहीत नसतं, बोलावताना दोन वाक्यांत सांगा म्हणजे त्या अवघडत नाहीत. मी सगळ्याच बायकांना बोलावते, नवरा असो नसो. गावी माझ्या आईला वडील गेल्यानंतर बोलवायचं बंद झालं आणि ती त्या दिवशी आतल्या खोलीत धान्य निवडत बसायची. मुंबईत नवीन घर मांडताना गावची कुठली रीत सोबत आणायची आणि कुठली नाही हे आपल्या हातात असतं.

खाण्याचं एक सांगायला हवं. नवरात्रात आपल्याकडे घट बसतात, उपास, साबुदाणा, आणि त्याच दिवसांत बंगाली घरात दुर्गापूजेला मासे आणि मटण. दोन्ही देवीचीच पूजा. त्यामुळे उपासाचा दिवस आहे म्हणून तुम्ही असं कसं खाता हे वाक्य कुणालाही बोलू नका. उलट जैन शेजाऱ्यांचं पर्युषण आपल्या गणपतीच्या आगेमागे येतं, तेव्हा बिल्डिंगच्या प्रसादात कांदा, लसूण, बटाटा न घातलेलं एक तरी पातेलं वेगळं ठेवा, सगळे एकत्र जेवतात.

होळीत एवढंच, की मुंबईत रंग दुसऱ्या दिवशी धुळवडीलाच. नाशिककडचे लोक रंगपंचमीची वाट बघत बसतात आणि इथे त्या दिवशी ऑफिस असतं. कोकणातले निम्मे लोक शिमग्याला गावी, तेव्हा त्या आठवड्यात प्लंबरपासून सगळ्यांचंच अवघड. मुंबईचा शिमगा बघायचा तर वरळी कोळीवाड्यात आदल्या संध्याकाळी.

आता म्हणाल १५ ऑगस्ट, २६ जानेवारी तरी सगळीकडे सारखे. झेंडा सारखा, बाकी नाही. तिसऱ्या मजल्यावरची वहिनी झेंडावंदन झाल्याबरोबर घरोघर जिलेबी देते, कोल्हापुरात या दोन दिवशी जिलेबी घरी आलीच पाहिजे, चौकाचौकात स्टॉल लागतात. मासींना सुरुवातीला नवल वाटायचं, त्यांच्याकडे जिलेबी दसऱ्याला फाफड्याबरोबर. आता आमच्या सोसायटीत दोन्ही दिवस जिलेबी असते. १ मेला तर सकाळी महाराष्ट्र दिन म्हणून झेंडा लागतो आणि मासी हळूच आठवण करून देतात की गुजरात दिवसही आजच, १९६० ला दोन्ही राज्यं एकाच दिवशी झाली. दोघांना शुभेच्छा द्या, काही बिघडत नाही.

आणि शेवटी तुमचा स्वतःचा सण. तो गिळून टाकू नका. खानदेशात अक्षय्य तृतीया म्हणजे आखाजी, दिवाळीएवढीच मोठी. उन्हाळ्यात शेतं रिकामी, लेकी माहेरी येतात, झाडाला झोके, गौराईची गाणी, पितरांच्या नावाने घागर भरायची, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोरी ठेवायची, चुलीत आगारी, म्हणजे पितरांच्या नावाने नैवेद्याचा घास, टाकायची, मग पुरणपोळी आणि आमरस. मुंबईत त्या दिवशी सुट्टी नाही, नुसत्या सोन्याच्या जाहिराती. पहिली दोन वर्षं मी ऑफिसात बसून आईशी फोनवर बोलत रडले. तिसऱ्या वर्षी रजा टाकली आणि घागर शोधायला धारावीच्या कुंभारवाड्यात गेले. तिथले कुंभार मूळचे सौराष्ट्रातले. मी म्हटलं पितरांसाठी हवीय, तर काकांनी समोरची बाजूला केली, आतून नवीन, न वापरलेली काढली, वर ठेवायला लहान मडकं जुळवून बघितलं, दोनदा बदललं, मग दिलं. झोका नाही, चूल नाही, आगारी लोखंडी कढईत गोवऱ्यांवर गॅलरीत टाकते, चालतं.

तुम्हाला घ्यायची असेल तर गर्दी टाळून सकाळी लवकर जा. बोटाच्या पेराने वाजवून बघा, खणखणीत आवाज आला तर चांगली भाजलेली, बद्द आवाज आला तर तडा असतो. टॅक्सीने या आणि मांडीवर धरून बसा, लोकलमध्ये टिकत नाही. घरी आणल्यावर आदल्या रात्री बादलीत पूर्ण बुडवून ठेवा.