स्पीड खोटा दिसला की आधी हात आवरा

परवा रामबागेत काकूकडे गेलो तर ती गच्चीच्या कुलपातनं खराट्याच्या काडीने माती उकरत होती, कुंभारमाशीने भोकातच घर केलेलं, किल्ली आत जाईना. मला लगेच पिटो ट्यूब आठवली. विमानाच्या नाकाजवळची बोटाएवढी नळी, समोरून येणाऱ्या हवेचा दाब तिच्यातून कळतो आणि त्यावरून स्पीड. ६ फेब्रुवारी १९९६ ला डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताहून उडालेल्या बिर्गेनएअर कंपनीच्या बोइंग ७५७ विमानात कॅप्टनच्या बाजूची नळी बंद होती, बहुतेक अशाच माशीच्या घरामुळे, विमान बरेच दिवस उभं होतं आणि नळ्यांवर कव्हर नव्हतं. १८९ माणसं गेली.

म्हणून इथे इंदूरला फ्लाइंग शिकणाऱ्या आपल्या पोरांना माझं पहिलं सांगणं, वॉकअराउंडला, म्हणजे उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारताना, नळीत स्वतः डोकावून बघा, कव्हर कुणीतरी काढलं असेलच असं धरून चालू नका. रनवेवर ८० किंवा १०० नॉट (विमानाच्या स्पीडचं माप) झाले असं मोठ्याने म्हणतात तेव्हा दोन्ही पायलटांचे आकडे जुळले नाहीत तर तिथेच थांबा. त्या कॅप्टनला धावतानाच कळलं होतं की आपला स्पीड चालत नाहीये, तरी टेकऑफ केलं, हे मला आजही बोचतं.

हवेत काय होतं, बंद नळीत दाब अडकून बसतो, वर जाल तसा बाहेरचा दाब कमी होतो आणि मीटरला वाटतं स्पीड वाढला, म्हणजे विमान मंदावतंय आणि आकडा पळतोय. त्याला घाबरून नाक अजून वर केलंत की आकडा अजूनच वाढणार. तर आधी ऑटोपायलट, ऑटोथ्रस्ट (इंजिनाचा जोर आपोआप ठरवणारी यंत्रणा), फ्लाइट डायरेक्टर (नाक कुठे ठेवायचं ते पडद्यावर दाखवणारा) बंद. मग नाक आणि थ्रस्ट, म्हणजे इंजिनाचा जोर, ठरलेल्या जागी: एअरबस ए३२० ला १०,००० फुटांच्या वर ५ अंश, खाली १० अंश, दोन्हीकडे क्लाइंब थ्रस्ट (वर चढतानाचा जोर), आणि टेकऑफ झाल्या झाल्या असेल तर १५ अंश आणि टोगा (टेकऑफचा पूर्ण जोर). बोइंग ७३७ एनजीला फ्लॅप (पंखांच्या मागच्या पट्ट्या) आत असतील तर ४ अंश आणि ७५ टक्के एन-वन (इंजिनाच्या पंख्याचा वेग). हे झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. सुरक्षित उंची मिळाली की लेव्हल करा आणि शांतपणे क्यूआरएच (अडचणीत काय करायचं त्याची पुस्तिका) उघडा.

१ जून २००९ ला एअर फ्रान्स ४४७ च्या नळ्यांत बर्फ साचला तो मिनिटभरही नव्हता, पण साइडस्टिक (विमान चालवायची दांडी) मागे ओढून नाक वर धरलं गेलं, स्टॉल वॉर्निंग, म्हणजे पंखांचा उचलून धरणारा जोर सुटतोय याचा इशारा, ओरडत राहिलं आणि २२८ जण गेले. ते वॉर्निंग अँगल ऑफ अटॅकवरून, म्हणजे पंख समोरच्या हवेला किती तिरका आहे त्यावरून येतं, पिटोवरून नाही, त्यामुळे स्पीड काहीही म्हणो, ते वाजलं की नाक खाली.

आता खोटं कोण बोलतंय ते शोधा. कॅप्टनचा, को-पायलटचा आणि स्टँडबाय (राखीव मीटरचा), तीन आकडे. दोन जुळले म्हणजे तेच खरे असं नाही, दोन्ही नळ्या एकदम गोठू शकतात. जीपीएसचा ग्राउंड स्पीड बघा पण वारा धरून.

उंचीवरही शंका असेल तर एटीसीला (खालच्या हवाई वाहतूक नियंत्रकांना) विचारून निश्चिंत होऊ नका, त्यांच्या स्क्रीनवरचा आकडा तुमच्याच विमानाने पाठवलेला असतो. एरोपेरू ६०३ या विमानाच्या स्टॅटिक पोर्टवर, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या भोकांवर, साफसफाईच्या वेळची टेप तशीच राहिली होती, समुद्राला टेकले तेव्हाही आकडा साडेनऊ हजार फुटांच्या आसपास होता. २,५०० फुटांखाली रेडिओ अल्टिमीटर धरा, तो जमिनीपासून थेट मोजतो, आणि टेरेन वॉर्निंग (जमीन जवळ आल्याचा इशारा) आलं की वाद न घालता वर या.